बंड्याचा खोकला आणि काकूंची वही

जानेवारीतली संध्याकाळ होती आणि साताऱ्यात चांगलीच थंडी पडली होती. काका-काकूंनी बंड्याला शालीत गुंडाळून आणलं होतं. त्याला टेबलावर ठेवायच्या आधीच काकू म्हणाल्या, “डॉक्टर, याच्या घशात हाड अडकलंय. दोन महिने झाले, निघतच नाही.”

पशुवैद्य म्हणून हे वाक्य मी अगणित वेळा ऐकलं आहे, आणि त्यात सांगणाऱ्याची काहीच चूक नसते. कुत्र्याचा खोकला माणसाच्या खोकल्यासारखा दिसतच नाही. कुत्रा मान पुढे ताणतो, कोपरं बाहेर काढतो, पाठीची कमान करतो आणि छातीच्या तळापासून एक ढास देतो. चार-पाच ढासांनंतर ओकल्यासारखं करतो आणि तोंडातून चमचाभर पांढरा फेस येतो. बघणाऱ्याला वाटतं, घशात काहीतरी रुतलंय किंवा उलटी अडलीये. मग कोणी तोंडात बोट घालतं, कोणी पोटाचं औषध आणतं. खऱ्या उलटीत पोट आत-बाहेर हलतं आणि अन्न किंवा पिवळं पित्त पडतं. नुसता पांढरा फेस आणि त्याआधी ढास असेल तर तो बहुतेक वेळा खोकलाच असतो.

बंड्याची ही हकिगत काका-काकूंच्या परवानगीने लिहितोय. त्यांची नावं मुद्दाम देत नाही. तेव्हा बंड्या अकरा वर्षांचा होता, पांढराशुभ्र, कागदावर ‘पॉमेरियन’. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून घरोघरी वाढलेली बहुतेक कुत्री प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ असतात, अंगाने जरा मोठी आणि आपल्या हवेला सरावलेली. बंड्याच्या हाडापेराला साडेसात किलो वजन शोभलं असतं. काट्यावर ते ९.४ भरलं.

काकांनी प्लास्टिकची पिशवी उघडून औषधांच्या रिकाम्या पाकिटांची चळत टेबलावर ठेवली. दिवाळी संपता संपता ढास सुरू झाली. आधी दहा दिवस एक अँटिबायोटिक झालं, मग दुसरं. मधल्या काळात मेडिकलमधून लहान मुलांचं खोकल्याचं औषध आणून झालं. घरचे उपाय चालूच होते: हळद-दूध, आल्याचा रस, मध. शेवटी एके ठिकाणी छातीला नळी लावल्यावर हृदयात आवाज ऐकू आला. म्हातारा लहान कुत्रा, हृदयात आवाज आणि वर खोकला, म्हणजे फुफ्फुसात पाणी असणार असं ठरलं आणि पाणी उतरवायची गोळी सुरू झाली. फ्युरोसेमाइड. ती तीन आठवडे चालली होती.

खोकला मात्र होता तसाच होता. उलट बंड्या पाण्याचं भांडं दिवसातून चार वेळा रिकामं करायला लागला, रात्री उठून घरात लघवी करायला लागला, जेवणावरची वासना उडाली. काका खाली बघत म्हणाले, “अकरा वर्षांत कधी घर घाण केलं नव्हतं त्याने. मी ओरडलो त्याला दोनदा.” त्या गोळीने लघवी होणारच होती, त्याच्या हातात काही नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी बंड्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

आधीच्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. हृदयात आवाज असलेला म्हातारा कुत्रा खोकतोय म्हटल्यावर मीही पूर्वी तीच गोळी लिहिली आहे, एकदा नाही, अनेकदा. ती कुठे चुकते हे बंड्याच्या प्रकरणात अगदी स्पष्ट दिसलं, म्हणून ते सविस्तर मांडतोय.

तपासणीत काय दिसलं

टेबलावर बंड्या एकदाही खोकला नाही. दवाखान्यात कुत्री बहुधा खोकत नाहीत, घाबरून गप्प बसतात. सुदैवाने पुण्याला असणाऱ्या त्यांच्या मुलीने सांगितलं म्हणून काकांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला होता. अठरा सेकंदांचा. दारावरची बेल वाजते, बंड्या भुंकत धावतो, गळपट्टा ताणला जातो आणि ढास सुरू होते. आवाज कोरडा, कर्कश, जुन्या सायकलचा रबरी भोंगा दाबल्यासारखा. त्या अठरा सेकंदांनी मला अर्ध्या तासाच्या प्रश्नोत्तरांपेक्षा जास्त सांगितलं. खोकणारा कुत्रा दाखवायला नेणार असाल तर आधी व्हिडिओ काढाच, आणि तो काढताना आवाज बंद करू नका.

हिरड्या गुलाबी होत्या. ताप नव्हता. गळ्याखाली श्वासनलिकेवर बोट हलकेच दाबलं आणि तोच भोंगा वाजला. छातीला नळी लावली. डाव्या बाजूला, जिथे हृदयाचं टोक लागतं तिथे, ‘लब-डब’च्या जागी ‘लब-शूऽऽ’ असा आवाज होता. सहापैकी चौथ्या दर्जाचा, म्हणजे चांगला मोठा. हृदयाची झडप गळत होती, यात शंका नव्हती.

पण त्याच नळीतून आणखी एक गोष्ट ऐकू येत होती. ठोके मिनिटाला १०८ होते आणि ते सारख्या अंतराने पडत नव्हते. श्वास आत घेताना जलद, सोडताना संथ. निरोगी आणि निवांत कुत्र्यात असं होतं. हृदय खरोखर थकलं आणि फुफ्फुसात पाणी साचू लागलं की शरीर आणीबाणीत जातं, ठोके वाढतात आणि हा डुलता ताल नाहीसा होतो. बंड्याचा ताल शाबूत होता. मग मी काकूंना विचारलं, “झोपेत याचा श्वास कसा चालतो?” त्या म्हणाल्या, “शांत. आम्हा दोघांपेक्षा शांत झोपतो.”

माझा संशय इथेच फिरला. कुत्र्याच्या फुफ्फुसात पाणी झालं असेल तर तो आधी भराभर श्वास घेतो. खोकला असो वा नसो, झोपेत छाती लवलव हलते. बंड्याला खोकला भरपूर होता, धाप अजिबात नव्हती.

त्याच संध्याकाळी एक्स-रे काढला आणि रक्त तपासायला पाठवलं. आडव्या एक्स-रेत श्वासनलिका मानेत ठीक दिसत होती. छातीत शिरते त्या जागी मात्र फितीसारखी चपटी झाली होती. हृदय मोठं होतं. मणक्यांच्या मापाने हृदय मोजायची एक पद्धत आहे. तिच्यात साधारण साडेदहापर्यंतचा आकडा ठीक धरतात, बंड्याचा ११.४ आला. हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगून श्वासनलिकेला पाठीच्या कण्याकडे ढकलत होता. आणि फुफ्फुसं? स्वच्छ काळी. पाण्याचा पांढुरका धूसरपणा कुठेच नव्हता. तीन आठवड्यांच्या गोळीने पाणी उतरलं असेल, असं कोणी म्हणेल. पण पाणी उतरलं असतं तर खोकलाही उतरायला हवा होता. तो पहिल्या दिवसापासून तसूभर हलला नव्हता. मूत्रपिंडं शिणली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.९ आलं. गोळी मूत्रपिंडांना कोरडं पाडत होती.

आठवड्याभराने पुण्याला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. डाव्या वरच्या कप्प्याचं महाधमनीशी प्रमाण १.८ आलं, ते १.६ च्या आत असायला हवं. खालचा कप्पाही ताणलेला होता, पण हृदयाने अजून हार मानलेली नव्हती. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये झडपेच्या या आजाराचे ए, बी, सी, डी असे टप्पे आहेत. त्यांत बंड्या बी-टूमध्ये बसत होता: हृदय मोठं झालेलं, फुफ्फुसात पाणी मात्र अजून कधीच न झालेलं.

एक खोकला, दोन दुखणी

काका निवृत्त शिक्षक, त्यामुळे मी कागदावर चित्र काढूनच समजावलं. श्वासनलिका म्हणजे कूर्चेच्या कड्यांनी तोललेली नळी. या कड्या पूर्ण गोल नसतात, वरच्या बाजूने उघड्या असतात आणि ती फट एका पातळ पडद्याने झाकलेली असते. लहान जातींच्या कुत्र्यांत, विशेषतः पॉमेरियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, पग यांच्यात, वयाबरोबर या कड्या मऊ पडतात. उन्हात तापून नरम झालेला बागेचा पाइप जसा स्वतःच्याच वजनाने चपटा होतो, तशी ही नळी चपटी होते. भुंकताना, धावताना, पट्टा ताणला गेला की आतल्या दोन भिंती एकमेकींवर घासतात आणि ढास लागते. ढास लागली की भिंतींना सूज येते आणि सुजेने पुढची ढास आणखी सहज लागते. खोकल्यानेच खोकला वाढतो तो असा.

दुसरं दुखणं हृदयाचं. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप जाड आणि गाठाळ होते आणि नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे फिरतं. वर्षानुवर्षं हे चाललं की वरचा कप्पा फुग्यासारखा ताणतो. त्याच्या बरोबर वर डाव्या फुफ्फुसाकडे जाणारी श्वासनलिकेची फांदी असते, तिच्यावर दाब येतो. नुसत्या या दाबाने खोकला येतो का, यावर पशुवैद्यकांत मतभेद आहेत. मला अनुभवाने असं वाटतं की नळी मुळात मऊ असावी लागते, मग दाब तिला पुरतो. बंड्यात दोन्ही होतं.

म्हणजे हृदय आजारी होतं, खोकलाही होता, आणि खोकल्यात हृदयाचा थोडा हातही होता. तरीही फुफ्फुसात पाणी नव्हतं. पाणी नसताना पाण्याची गोळी दिली तर खोकला थांबत नाही आणि मूत्रपिंडं मात्र शिणतात.

काकांनी अगदी योग्य प्रश्न विचारला: “मग हा खोकला हृदयाचा नाही हे तुम्ही आज सांगताय. उद्या खरंच पाणी झालं तर ते कसं ओळखायचं? खोकणार तर तो तसाच.”

याचं उत्तर काकूंनी पुढे ठेवलेल्या वहीत आहे, पण त्याकडे येण्याआधी खोकल्याच्या इतर कारणांबद्दल थोडं सांगतो. नाहीतर वाचणाऱ्या प्रत्येकाला आपल्या कुत्र्याच्या खोकल्यात बंड्या दिसायला लागेल. त्याच आठवड्यात माझ्याकडे आठ महिन्यांची एक लॅब्रेडॉर आली होती. घरचे बाहेरगावी गेल्यामुळे ती पाच दिवस कुत्र्यांच्या पाळणाघरात राहिली होती आणि परतल्यावर तिलाही तशीच कोरडी ढास लागली. तो केनेल कफ होता, संसर्गाचा खोकला. बोर्डेटेला नावाचा जिवाणू आणि पॅराइन्फ्लुएन्झासारखे विषाणू यांच्या संगनमताने होणारा. खाणंपिणं चांगलं, ताप नाही, म्हणून तिला फक्त विश्रांती दिली आणि इतर कुत्र्यांपासून लांब ठेवायला सांगितलं. ती दोन आठवड्यांत खडखडीत बरी झाली. पिल्लाला खोकल्याबरोबर ताप, डोळ्यांतून-नाकातून पू, जुलाब असतील आणि लसी झालेल्या नसतील, तर मनात आधी डिस्टेंपर हा विषाणूचा जीवघेणा आजार यायला हवा, आणि तिथे एक दिवसही घालवू नये. जेवण सोडलेला, ओला खोकला आणि ताप असलेला कुत्रा न्यूमोनियाचा असू शकतो. आणि नाकाने उलटा श्वास ओढत अर्धा मिनिट घोरल्यासारखं करून पुन्हा शेपूट हलवायला लागणारं कुत्रं खोकतच नसतं. ती उलटी शिंक, आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी.

माणसांच्या खोकल्याच्या औषधांबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांत पॅरासिटामॉल असू शकतं, नाक मोकळं करणारी औषधं असतात, बिनसाखरेच्या सिरपमध्ये कधी झायलिटॉल असतं. झायलिटॉलने कुत्र्याची साखर तासाभरात धोकादायक उतरू शकते आणि यकृत जाऊ शकतं. नाक मोकळं करणाऱ्या औषधाने आधीच आजारी असलेलं हृदय बेफाम धावतं. बंड्याला दिलेल्या बाटलीत सुदैवाने यातलं काही निघालं नाही. लेबल वाचून खात्री होईपर्यंत माझा जीव वर-खाली होत होता.

उपचार

पाण्याची गोळी बंद केली. दहा दिवसांनी क्रिएटिनिन १.३ वर आलं, भांडं रिकामं होणं थांबलं, घर कोरडं राहू लागलं.

हृदयासाठी पिमोबेंडन, हृदयाच्या ठोक्याला बळ देणारं औषध, सुरू केलं. हे औषध नेमकं या टप्प्यावर का, तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ या अभ्यासामुळे. ३६० कुत्र्यांवरच्या त्या अभ्यासात असं दिसलं की हृदय मोठं झालंय पण पाणी झालेलं नाही अशा अवस्थेत हे औषध सुरू केलं, तर हृदय निकामी होण्याची वेळ साधारण १५ महिन्यांनी पुढे जाते. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे फार मोठा ऐवज. गोळी उपाशीपोटी, जेवणाच्या तासभर आधी, दिवसातून दोनदा. किती ते इथे मुद्दाम लिहीत नाही. औषधाची मात्रा वजनावर आणि रक्ताच्या तपासणीवर ठरते, आणि इको न करता ही गोळी चालू करू नये असं माझं ठाम मत आहे.

श्वासनलिकेसाठी सूज उतरवायला स्टेरॉइडचा पाच दिवसांचा छोटा, उतरता कोर्स दिला. मोठ्या हृदयाच्या कुत्र्याला स्टेरॉइड देताना हात आखडावा लागतो, कारण त्याने शरीरात पाणी धरलं जाऊ शकतं आणि भूकही खवळते. सोबत उबळ दाबणारं औषध, तेही दोनच आठवडे.

पण सगळ्यात जास्त फरक औषधांनी पडला नाही. गळपट्टा काढून टाकला आणि छातीला बांधायचा हार्नेस आणला. त्याने बेल वाजल्यावरची ढास जवळजवळ निम्मी झाली, हे काकांनी चौथ्या दिवशी फोन करून सांगितलं. देवघर आणि बंड्याची गादी एकाच खोलीत होती. सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, गुरुवारी धूप, रात्री डासांची कॉइल. काकूंना उदबत्ती बंद करा असं सांगणं माझ्या जिवावर आलं होतं. त्यांनीच मार्ग काढला: गादी पुढच्या खोलीत हलवली, देवापाशी उदबत्तीऐवजी तुपाचं निरांजन लावलं, कॉइलच्या जागी मच्छरदाणी आली.

आणि वजन. साताऱ्यात राहून कंदी पेढ्याला नाही म्हणणं माणसाला जमत नाही, तर कुत्र्याला कुठून जमावं? रोज दुपारी काकांच्या हातून अर्धा पेढा, सकाळी चहाबरोबर तीन ग्लुकोज बिस्किटं, जेवताना पापडाचा तुकडा आणि रात्री दूध-तूप-चपाती. छातीत आणि पोटात साठलेली चरबी श्वासाला जागाच ठेवत नाही, आणि पापडातलं मीठ आजारी हृदयाला नको असतं. आम्ही चपाती अर्धी केली, तूप बंद केलं, उकडलेला दुधी आणि बिनमिठाचं चिकन मोजून द्यायचं ठरवलं. पेढ्याच्या वेळेला काकडीची फोड. पहिले आठ दिवस बंड्या काकडी तोंडात घेऊन काकांच्या पायाशी ठेवायचा आणि वर बघत बसायचा. काकांनी ते सोसलं. जूनमध्ये काट्यावर ७.९ आलं. तोवर दिवसाला तीस-चाळीस वेळा लागणारी ढास चार-पाचवर आली होती. पूर्ण बंद ती होणार नाही, मऊ झालेल्या कड्या पुन्हा कडक होत नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

वही

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मोजायचे. छाती वर आली आणि खाली गेली की एक. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजायचं. कुत्रा गाढ झोपलेला हवा. उन्हातून येऊन धापत असताना मोजायचं नाही, आणि पंजे हलवत, कुईकुई करत स्वप्न बघत असेल तर थांबायचं आणि नंतर पुन्हा मोजायचं. बहुतेक कुत्र्यांचा आकडा पंचवीसच्या आत असतो. तीसच्या वर जायला लागला, आणि तासाभराने पुन्हा मोजल्यावरही तसाच असेल, तर फुफ्फुसात पाणी साचायला सुरुवात झाली असू शकते. त्यासाठी ना यंत्र लागतं ना पैसे. घरी श्वास मोजण्याइतका लवकरचा आणि भरवशाचा इशारा मला दुसऱ्या कशातही मिळालेला नाही. खोकला त्याच्या जवळपासही येत नाही.

काकूंनी दुधाच्या हिशोबाची जुनी वही काढली आणि तिच्या मागच्या पानांपासून लिहायला सुरुवात केली. तारीख, रात्री साडेनऊ, आकडा. फेब्रुवारी: २०, २१, १९, २२. मी महिन्याला वही बघायचो. उन्हाळ्यात २४ पर्यंत गेला, पावसाळ्यात परत २१. पानंच्या पानं तसंच. दसऱ्याच्या सुमारास काकू म्हणाल्या, “रोज तेच लिहिते, सोडून देऊ का?” मी म्हटलं, “रोज तेच येतंय म्हणून तर वेगळं आलेलं तुम्हाला कळेल.”

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात २३, २६, २५, २८ असे आकडे आले. मग एका रात्री ३१. काकूंनी तासाभराने पुन्हा मोजलं, २९ भरलं. दुसऱ्या रात्री ३४. पुन्हा मोजलं, ३६. दहा वाजून गेले होते. त्यांनी फोन केला तोच मुळी माफी मागत: “डॉक्टर, हा अगदी मजेत आहे, जेवलाही, खोकलाही रोजच्यासारखाच चारदा. उगाच त्रास देतेय का?”

मी लगेच यायला सांगितलं.

बंड्या दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत आला. शेपूट वर, हिरड्या गुलाबी. कोणी अनोळखी माणूस बघत असता तर म्हणाला असता, या कुत्र्याला झालंय काय? मी नळी लावली. १०८ चा डुलता ताल गेला होता. मिनिटाला १६०, एकसारखे, घड्याळासारखे. एक्स-रेत हृदयाच्या मागे, फुफ्फुसांच्या मुळाशी, काचेवर फुंकर मारल्यावर येतो तसा पांढुरका धूसर पट्टा उमटला होता. पाणी साचायला सुरुवात झाली होती. पाण्याची गोळी आता द्यायची होती.

फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, दिवे मंद केले. काकू पेटीच्या काचेला टेकून बसल्या आणि दर अर्ध्या तासाने मोजत राहिल्या. ३८. ३५. बंड्याने दीड वाजता पेटीतच भरपूर लघवी केली, आणि या वेळी ती बघून काकांना बरं वाटलं. ३०. पहाटे चारला २६.

ती रात्र आणखी दोन दिवस पुढे गेली असती तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे, कारण तशी कुत्री माझ्याकडे येतात. बसता येत नाही, आडवं होता येत नाही, मान वर करून, कोपरं फाकवून, निळसर जिभेने हवा शोधत येतात. त्यांतली सगळी वाचत नाहीत. अशा कुत्र्याला आडवं पाडून एक्स-रे काढायचा हट्टही जिवावर बेतू शकतो. बंड्याच्या बाबतीत एक्स-रे आधी काढता आला, रक्त घेता आलं, शांतपणे ठरवता आलं, ते वहीतल्या ३४ आणि ३६ मुळे.

बंड्या आता सी टप्प्यात आहे, म्हणजे फुफ्फुसात पाणी होऊन गेलेल्या. पिमोबेंडन चालू आहे, फ्युरोसेमाइड जमेल तितक्या कमी मात्रेत, जोडीला बेनाझेप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन ही हृदयावरचा ताण हलका करणारी औषधं. गोळी वाढवली की दहा-पंधरा दिवसांत मूत्रपिंडांची तपासणी. क्रिएटिनिन १.६ वर टिकून आहे. या टप्प्याला पोचलेली बरीच कुत्री सहा महिने ते वर्षभर काढतात, काही त्याहून जास्त. हे काका-काकूंना मी पेटीशेजारीच सांगितलं होतं, गोल गोल न बोलता. त्या रात्रीला आता आठ महिने झालेत. खोकला दिवसाला चार-पाचदा आहेच, आणि त्याला आता त्या घरात कोणी दचकत नाही.

मागच्या महिन्यात काकूंना भाचीच्या लग्नासाठी दोन दिवस कोल्हापूरला जायचं होतं. बंड्याला नेणं शक्य नव्हतं, आणि मोजायला कोण, या एका गोष्टीवर त्या जाणं रद्द करायला निघाल्या होत्या. शेवटी शेजारची नववीतली मुलगी तयार झाली. काकूंनी तिला तीन संध्याकाळी शेजारी बसवून शिकवलं. परवा तपासणीला आले तेव्हा मी वही उघडली. काकूंच्या तिरप्या अक्षरांमध्ये दोन ओळी गोल, टपोऱ्या अक्षरात होत्या. पहिल्या दिवशी २४. दुसऱ्या दिवशी ३२ लिहून खोडलं होतं आणि पुढे लिहिलं होतं: स्वप्न पडत होतं, थांबून परत मोजले, २३.